एकाच लांबीच्या दोन जुन्या शिडाच्या बोटी : सौदा कोणता करावा?

आमच्या ओळखीचे दोन चुलत भाऊ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतात. थोरला सुतारकाम करतो, धाकटा डिझेल इंजिनांचा फिटर आहे. दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे. काही वर्षांपूर्वी गावाकडचा घरचा मचवा विकला गेला. त्याच्या पैशांतून जो हिस्सा या दोघांच्या वाट्याला आला, तो त्यांनी खर्च न करता बाजूला ठेवला. त्यात स्वतःची बचत घालून एक जुनी शिडाची बोट विकत घ्यावी, हिवाळ्यात ती दुरुस्त करावी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विकावी, असा त्यांचा बेत. कर्ज काढायचे नाही, हे दोघांनी आधीच ठरवून टाकले होते. म्हणजे बुडाले तर स्वतःचेच बुडणार.

त्यांच्या समोर दोन बोटी होत्या. एक 'कॉन्टेसा ३२' आणि दुसरी 'वेस्टसेल ३२'. दोन्ही ३२ फुटी, दोन्ही १९७०च्या दशकात बांधलेल्या, दोन्ही फायबरग्लासच्या, आणि विकणाऱ्यांनी सांगितलेल्या किमतीही जवळजवळ सारख्या. थोरल्याने फोनवर विचारले, "चाचा, लांबी सारखी, किंमत सारखी. मग जिच्यात माल जास्त तीच घ्यावी ना?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. शिडाच्या होडीत आम्ही बसलो ते लहानपणी, मामाच्या गावी. परंतु जुना माल घेणे, तो नीट करणे आणि विकणे हा व्यवहार आम्ही बरीच वर्षे केला आहे. शिवाय या दोन बोटींवर इतके लिहिले गेले आहे की त्यांच्याविषयी अंधारात राहण्याचे कारण नाही. आम्ही जे वाचले, विचारले आणि त्या दोघांना कळविले, ते इतर वाचकांच्याही कामाचे आहे असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

प्रथम वेस्टसेलविषयी, कारण तिचे नाते आपल्या मुंबईशी लागते.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर कॉलिन आर्चर नावाचा एक बोट-रचनाकार होऊन गेला (१८३२-१९२१). वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडविण्यासाठी त्याने जाड, जड, पुढून आणि मागून दोन्हीकडे निमुळत्या बोटी आखल्या. मागून येणारी लाट सपाट पाठीवर आदळण्याऐवजी दुभंगून जावी, हा त्यातला हिशेब. पुढे १९२०च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराने तोच घाट ३२ फुटांत बसविला आणि त्या बोटीला 'एरिक' असे नाव दिले.

याच 'एरिक'च्या नकाशावरून मुंबईत, कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये, एक बोट बांधली गेली. मालक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्या वेळी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील एक तरुण अधिकारी. बोट संपूर्ण सागवानी. आपल्या सुतारांनी ती वाकस, हातकरवत आणि दोरीने फिरवायचे गिरमिट घेऊन घडविली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. नाव ठेवले 'सुहैली'. आखाती खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. सुहैल नावाचा तारा तर आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. याच बोटीतून नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथहून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतला. एकट्याने, न थांबता हा फेरा करणारा तो पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटास गेला तो हा एकच. त्याच्या हिमतीचे कौतुक जगाने केले. ज्या कारागिरांच्या वाकसाखालून ती बोट निघाली त्यांची नावे मात्र कोठे ठळक अक्षरांत दिसत नाहीत. असो.

अमेरिकेत हाच 'एरिक'चा घाट विल्यम क्रीलॉक या रचनाकाराच्या हातून फायबरग्लासमध्ये उतरला आणि कॅलिफोर्नियातील कारखान्यातून १९७१ पासून 'वेस्टसेल ३२' म्हणून विकला जाऊ लागला. म्हणजे सुहैली आणि वेस्टसेल या एकाच घराण्यातल्या. एक सागाची आणि मुंबईची, दुसरी फायबरची आणि अमेरिकेची. नोकरी सोडून समुद्रावर राहायला जावे असे स्वप्न त्या काळी तेथील बऱ्याच लोकांना पडत होते, आणि वेस्टसेल ही त्या स्वप्नाचीच बोट ठरली. सुमारे आठशे बोटी गेल्या. तरीही १९७०चे दशक संपता संपता मूळ कंपनी टिकली नाही. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे असूनही धंदा बसू शकतो, याची उदाहरणे आपल्या बाजारातही कमी नाहीत.

दुसरी बोट कॉन्टेसा ३२. रचनाकार डेव्हिड सॅडलर, बांधणारा जेरेमी रॉजर्स, गाव लिमिंग्टन, इंग्लंडचा दक्षिण किनारा. ही १९७० मध्ये पहिल्यांदा पाण्यात आली. सातशेहून अधिक बोटी निघाल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस या कारखान्यावरही आर्थिक संकट आले. परंतु पुढे १९९०च्या दशकात रॉजर्स कुटुंबाने हे काम पुन्हा, थोड्या प्रमाणात, हाती घेतले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण किमतीच्या वेळी तिचा संबंध येणार आहे.

वजनाचा हिशेब

लांबी सारखी म्हणजे बोट सारखी, ही समजूत आधी सोडली पाहिजे. कॉन्टेसाचे वजन ९,५०० पौंड, म्हणजे सुमारे ४,३०० किलो. वेस्टसेलचे १९,५०० पौंड, म्हणजे सुमारे ८,८५० किलो. दुपटीहून अधिक. रुंदी कॉन्टेसाची साडेनऊ फूट, वेस्टसेलची अकरा फूट. पाण्याखाली कॉन्टेसा साडेपाच फूट जाते, वेस्टसेल पाच फूट.

थोरल्याचे म्हणणे ऐकले तर येथेच सौदा संपला. तितक्याच पैशांत दुप्पट माल मिळतो! परंतु बोट काही रद्दीच्या वजनाने विकायची वस्तू नव्हे. जड बोटीला नांगर जड लागतो, साखळी जड लागते, दोर जाड, कप्प्या मोठ्या, इंजिन मोठे आणि शिडेही मोठी लागतात. दुरुस्तीला निघाल्यावर प्रत्येक दुकानात हे दुप्पट वजन आपल्याआधी जाऊन उभे राहते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वेस्टसेलच्या नाळेपुढे शीड ताणण्यासाठी एक लांब लाकडी काठी झेपावलेली असते आणि मागेही तशीच एक छोटी काठी बाहेर येते. बोटीचे अंग ३२ फूट खरे, पण या दोन्ही काठ्या धरून माप सुमारे ४० फुटांवर जाते. बोट जेथे बांधून ठेवायची तेथे भाडे फुटावर आकारतात, आणि पुष्कळ ठिकाणी हे फूट काठीच्या टोकापासून मोजतात. म्हणजे ३२ फुटी बोट घेतली म्हणून खूष व्हावे आणि दर महिन्याला ४० फुटांचे भाडे भरावे, असा प्रकार. विक्री लांबली तर हाच खर्च नफा खाऊन टाकतो.

आता चालीकडे वळू. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा सर्वाधिक वेग तिच्या पाण्याच्या रेषेवरील लांबीवर अवलंबून असतो. त्या लांबीचे, फुटांत, वर्गमूळ काढायचे आणि त्याला १.३४ ने गुणायचे. उत्तर नॉटमध्ये येते. कॉन्टेसाची पाण्यावरची लांबी २४ फूट, म्हणून वेग सुमारे ६.५ नॉट. वेस्टसेलची साडेसत्तावीस फूट, म्हणून सुमारे ७ नॉट. कागदावर वेस्टसेल पुढे! प्रत्यक्षात मात्र तिला तिकडे 'वेटस्नेल' म्हणजे ओली गोगलगाय असे चिडवतात. कारण वजन दुपटीहून जास्त असले तरी शिडे काही दुप्पट नाहीत. भरपूर वारा असला तर ती आपला वेग गाठते आणि हलत नाही. वारा मंद असला की भरलेल्या मालट्रकसारखी चढावर रेंगाळते. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जायचे असेल तेव्हा तर अरुंद, चपळ कॉन्टेसा तिला केव्हाच मागे टाकते.

मग वेस्टसेल घ्यावी तरी कोणी? जो बोटीवर राहणार आहे त्याने. तिच्या पोटात माणूस ताठ उभा राहतो. चूल आहे, कपाटे आहेत, काही महिन्यांचे धान्य आणि पाणी भरायला जागा आहे, आणि एवढे सगळे भरूनही ती फारशी दबत नाही. कॉन्टेसात उंच माणसाला मान वाकवावी लागते, सामान फार भरले तर बोटीची चाल बिघडते आणि पाणी अंगावर सपासप येते. चार जणांनी पंधरा दिवस राहावे आणि तरी एकमेकांशी बोलावे, इतकी तिच्यात जागा नाही.

दोन वादळे

जुन्या बोटीच्या बाजारात दलाल या दोन्ही बोटींच्या वादळकथा सांगतो. त्या खऱ्या आहेत, म्हणून त्या नीट समजून घेणे बरे.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या दरम्यान फास्टनेट नावाच्या शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या आणि मध्येच भयंकर वादळ झाले. शर्यत पुरी केली ती फक्त ८५ बोटींनी. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यांतल्या ५ बुडाल्या. शर्यतीतील १५ खलाशी प्राणास मुकले. सर्वांत लहान बोटींच्या वर्गात जी एकमेव बोट शेवटास गेली ती कॉन्टेसा ३२ जातीची होती, नाव 'असेंट'. पुढे चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट स्पष्टपणे मांडली गेली. कॉन्टेसाच्या ९,५०० पौंडांपैकी ४,५०० पौंड, म्हणजे जवळजवळ निम्मे वजन बुडाच्या कण्यात आहे. आपल्याकडे गलबताच्या तळाशी नीरम टाकतात, तेच हे, फक्त कायमचे बसविलेले. बोट अरुंद आणि नीरम खोल, त्यामुळे ती सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली, म्हणजे जवळजवळ पालथी झाली, तरी आपोआप सरळ होऊ पाहते. त्याच शर्यतीतील नव्या चालीच्या रुंद, हलक्या बोटींचा हाच आकडा ११७ अंशांच्या आसपास निघाला होता. त्या एकदा पालथ्या झाल्या की तशाच राहण्याचा धोका अधिक.

दुसरे वादळ ऑक्टोबर १९९१ च्या अखेरचे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. त्यावर पुढे पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. त्यात 'सटोरी' नावाची वेस्टसेल ३२ सापडली होती. तटरक्षक दलाने तीन माणसांना हेलिकॉप्टरने उचलले आणि बोट तशीच समुद्रावर सोडली. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत लागलेली सापडली. फारसे बिघडलेले नव्हते. तिला ओढून काढले आणि ती पुन्हा शिडे लावून चालू लागली.

या गोष्टी ऐकून आम्हीही प्रभावित झालो. पण त्यातून रचनेबद्दल कळते, समोरच्या बोटीबद्दल नाही. 'असेंट'ने १९७९ मध्ये काय केले याचा तुमच्या यार्डात उभ्या असलेल्या, पन्नास वर्षे वापरलेल्या कॉन्टेसाच्या गंजलेल्या बोल्टशी काही संबंध नाही. चांगल्या घराण्याचा घोडा लंगडा असू शकतो.

कारागिराच्या नजरेने

येथून पुढे आम्ही दोघा भावांना जे सांगितले ते त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळते. तरी पैसे स्वतःचे असले की जाणता माणूससुद्धा रंगावर भुलतो, म्हणून सांगितले.

फायबरग्लासचे अंग सहसा मरत नाही. दोन्ही बोटींची अंगे जाड आहेत आणि नीरम दोन्हींत फायबरच्या आत बंदिस्त आहे, त्यामुळे कण्याचे बोल्ट गंजण्याची भीती नाही. मात्र बोट कधी खडकावर घासली असेल आणि चिरेतून पाणी आत गेले असेल, तर तेच बंदिस्तपण डोकेदुखी होते. पाण्याखालच्या भागावर फोड आले आहेत का ते पाहावे. थोडे फोड म्हणजे बोट टाकाऊ नव्हे, पण ते काढून, अंग सुकवून, पुन्हा लेप देण्यात महिने जातात. हिवाळाभरात बोट विकायला तयार करायची असेल तर महिने हीच खरी किंमत.

डेकवर लहान हातोडीने टकटक करीत चालावे. डेक बहुधा फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड घालून केलेला असतो. कोरड्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मडके विकत घेताना आपल्या घरातल्या बायका हेच करतात. जेथे जेथे बोल्ट डेकमधून खाली गेला आहे तेथे पाणी शिरायला वाट असते. वेस्टसेलच्या काही बोटींवर वरून सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असतात. दिसायला त्या राजेशाही, पण प्रत्येक स्क्रू हे एक भोक आहे आणि अशी भोके शेकड्यांनी असतात.

मग डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा. त्या स्टीलच्या असल्या तरी अमर नाहीत. दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असा तिकडे प्रघात आहे, आणि विमा कंपन्याही त्यांचे वय विचारतात. तारा ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या पट्ट्या वेस्टसेलवर अंगाच्या बाहेरून बसविलेल्या असतात, म्हणून तपासायला सोप्या. ज्या बोटीत त्या डेकमधून खाली उतरतात, तेथे डेकच्या जाडीत लपलेला भागच आतून खाल्ला जातो आणि वरून चकचकीत दिसतो. त्या काढून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. पाणी आत-बाहेर घेणारे तळाचे कॉक पितळी असतील तर तेही बदलावे. समुद्राच्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ धातू उरतो, जो एके दिवशी हातात येतो.

वेस्टसेलच्या बाबतीत एक खास खबरदारी. या बोटींपैकी जवळजवळ निम्म्या कारखान्यातून अर्धवट, कधी नुसत्या अंगाच्या रूपात विकल्या गेल्या आणि आतले काम मालकांनी आपापल्या अंगणात केले. कोणी मालक जन्माचा कारागीर निघाला, त्याने कारखान्याला लाजवील असे काम केले. कोणी हौशी निघाला आणि त्याने लोखंडी स्क्रू वापरले, वायरी नुसत्या पिळून जोडल्या. म्हणून वेस्टसेल ३२ असे नाव ऐकून भाव ठरवू नये. कपाटाचे दार काढावे, आतल्या बाजूचे जोड पाहावेत, वायरींचा पट्टा उघडावा. थोरल्याला आम्ही एवढेच म्हणालो की ज्या सुताराने हे केले त्याला तू आपल्या दुकानात ठेवला असता का, ते बघ. कॉन्टेसा बहुतेक कारखान्यातच पुऱ्या झालेल्या, त्यामुळे एक पाहिली की दुसरीचा अंदाज येतो.

इंजिनाबद्दल धाकट्याला सांगायला नको होते. बऱ्याच कॉन्टेसांत बुख कंपनीचे २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असते, जड आणि चिवट. त्याने आम्हालाच उलट शिकविले: इंजिन आधी गरम करून ठेवलेले असेल तर सौदा थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, न सांगता जावे.

कागद आणि किंमत

ब्रिटनमध्ये बोटीच्या नोंदणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. लहान बोटींची जी साधी नोंद असते ती मालकी सिद्ध करीत नाही. हे माहीत नसल्याने लोक फसतात. पक्की नोंद वेगळी. तिच्यात बोटीवर कोणाचे कर्ज आहे का तेही कळते. या पक्क्या नोंदीत प्रत्येक बोटीचे ६४ हिस्से धरलेले असतात. आपल्या जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, अगदी तसेच! दोघा भावांनी बत्तीस-बत्तीस हिस्से आपापल्या नावावर लावावेत, असे आम्ही आग्रहाने सांगितले. भाऊ असले म्हणून काय झाले, लिहून ठेवलेले बरे. त्याशिवाय आधीच्या प्रत्येक विक्रीचा कागद आणि व्हॅट भरल्याची पावती मागावी. पावती नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात भाव पाडण्याचे हत्यार आपण स्वतःच दिलेले असते.

दलालाचे कमिशन विकणारा देतो, म्हणून दलाल कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस. तेथील रिवाज असा की भाव ठरला की दहा टक्के बयाणा द्यायचा आणि बोट पाण्याबाहेर काढून आपल्या खर्चाने सर्व्हेअरकडून तपासून घ्यायची. मोठा दोष निघाला तर भाव पुन्हा ठरतो किंवा बयाणा परत मिळतो. हे कलम करारात लिहिलेले आहे ना, ते सही करण्यापूर्वी वाचावे. विकणाऱ्याने दाखविलेला जुना तपासणी अहवाल वाचायला हरकत नाही, पण पैसे त्यावर लावू नयेत.

भाव काढण्याची आमची रीत उलटी आहे. मागितलेल्या किमतीपासून सुरुवात करायचीच नाही. त्या जातीची चांगली, तयार बोट त्या किनाऱ्यावर किती वेळात आणि कितीला जाते ते पाहायचे. त्यातून तारा, शिडे, कॉक, रंग, यार्डाचे भाडे, क्रेन, विमा, सर्व्हेअर, विक्रीचे कमिशन हे सगळे वजा करायचे. मग स्वतःची मजुरी वजा करायची. येथे बहुतेक कारागीर चुकतात. काम आपल्याच हाताने करायचे म्हणून ते फुकट धरतात.

आम्हीही ही चूक केली आहे. अनेक वर्षांपूर्वी एक जुने छपाई यंत्र घेतले होते. विकणाऱ्याने नवा रंग मारून, पितळ घासून ते लखलखीत ठेवले होते. आतल्या दांड्याला चीर होती. आम्ही आणि आमचे मेस्त्री तीन महिने त्यावर राबलो, यंत्र चालू केले, विकले आणि खिशात चार पैसे आले म्हणून पेढे आणले. मेस्त्रींनीच रात्री हिशेब मांडला. तीन महिन्यांची दोघांची रोजची मजुरी धरली तर आम्ही गिऱ्हाइकाला वरून पैसे देऊन यंत्र विकले होते.

ही मजुरी वजा केल्यावर जो आकडा उरतो, त्यातून नफा काढून ठेवावा. जे राहते ते आपण देऊ शकतो तो भाव. तो विकणाऱ्याला पटला नाही तर चहा पिऊन उठावे.

या हिशेबात गिऱ्हाईक कोठे आहे हे सर्वांत मोठे. कॉन्टेसाला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ओळख करून द्यावी लागत नाही. तिच्या मालकांची संघटना आहे, तिच्या स्वतंत्र शर्यती होतात, सुटे भाग मिळतात, आणि बांधणारे घराणे अजून त्या कामाशी जोडलेले राहिल्यामुळे जुन्या बोटीलाही मान आहे. वेस्टसेल मूळची अमेरिकेची. तिचे जाणकार आणि सुट्या भागांची माहिती असलेले लोक प्रामुख्याने तिकडे. इंग्लंडमध्ये तिच्यासाठी येणारा गिऱ्हाईक येतो तेव्हा वेडा होऊन येतो, पण तो कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तोपर्यंत ४० फुटांचे भाडे चालूच.

आमचे मत आम्ही स्पष्ट कळविले. बोटीवर संसार थाटून अटलांटिक ओलांडायचा असेल तर वेस्टसेल, आणि तीही एखाद्या जाणत्या हाताने पुरी केलेली. दुरुस्त करून एका हंगामात विकायची असेल तर कॉन्टेसा. धाकट्याला हे लगेच पटले. थोरल्याचे मन वेस्टसेलवर होते. सागाचे काम, दोन्हीकडे निमुळता घाट, गावच्या मचव्याची आठवण. त्याने हट्टाने तिचीही तपासणी करविली. सर्व्हेअरच्या हातोडीखाली अर्ध्याहून अधिक डेक बद्द वाजला आणि नाळेपुढची काठी मुळाशी इतकी मऊ निघाली की चाकूचे पाते सहज आत गेले. काठी नवी घडविणे थोरल्याला अवघड नव्हते. पण डेकवरील सागाच्या पट्ट्या उचलून, खालचे लाकूड काढून, नवे बसविण्याचे तास त्याने स्वतःच मांडले आणि आमच्या रीतीप्रमाणे स्वतःची मजुरी धरून वजा केले. आकडा पाहून तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

कॉन्टेसाचे इंजिन जाम झालेले होते. म्हणूनच ती बरेच दिवस पडून होती आणि इतर गिऱ्हाइके परत जात होती. डेक कोरडा, अंगावर थोडेच फोड, तारा जुन्या. धाकट्याने बयाणा देण्यापूर्वी इंजिनाची किंमत पूर्ण वजा करून भाव सांगितला, विकणाऱ्याने एक आठवडा ताणून धरले आणि मग मान्य केले. हे लिहीत असताना बोट यार्डात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. बत्तीस-बत्तीस हिस्स्यांचे कागद झाले आहेत. इंजिन उतरवून धाकट्याच्या बाकावर आले आहे, आणि थोरला डेकवरचा एकेक बोल्ट काढून, भोक सुकवून, नव्याने बसवीत आहे. कामाचे तास तो वहीत लिहितो.